पिशवीवर नंबर, गाठ तुझी

काचीगुडा, हैदराबाद

प्रिय हेमंत,

हे पत्र टेबलावर उघडं टाकून मघाशी दूध तापवायला गेले. रसिका शेजारीच बसलेली, पण तुझ्या लेकीला मराठी वाचायचं म्हटलं की कपाळाला आठ्या! दिलसुखनगरच्या क्लासमधून आली की "मम्मी, परेशान नक्को करू", एवढंच तिचं मराठी. आज तेच बरं वाटलं.

आईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन अजून झालेलं नाही. हेमंत आल्याशिवाय डोळ्याला हात लावू देणार नाही, हा त्यांचा हट्ट. डॉक्टर म्हणतात, आता लांबवू नका. परवा त्यांनी भाकरी तव्याऐवजी ओट्यावरच टाकली आणि स्वतःच हसत बसल्या. मला काही हसू आलं नाही.

लढाई सुरू झाल्यापासून आमच्या लॅबमध्ये श्वास घ्यायला फुरसत नाही. तोफगोळ्यांना टंगस्टन हवा, म्हणून सरकार मिळेल त्या देशातून खनिज उचलतंय, आणि तू तिकडे खाणीवर बसून माल निवडतोयस. हा लॉट इथे पास झाला की जहाजात चढवायचा आणि तू घरी. तुला माहीतच आहे, नमुन्याच्या पिशवीवर फक्त नंबर असतो. कुठून आली, कोणी पाठवली, तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही. सोमवारी माझ्या पुढ्यात एक पिशवी आली. तिचं तोंड कसं बांधलेलं? आई लोणच्याच्या बरणीचं फडकं बांधतात तसं! दुहेरी गाठ, टोक आत खोचलेलं. अरे बाबा, अख्ख्या जगात अशी गाठ मारणारे तुम्ही दोघंच.

नियमाने ती पिशवी दुसऱ्या कोणाकडे द्यायला हवी होती. पण कारण काय सांगणार? नवऱ्याची गाठ ओळखली म्हणून? सगळे हसले असते. तपासली. आर्सेनिक हद्दीबाहेर. पुन्हा तपासली, तेच. खनिज भट्टीत गेलं की त्याचा विषारी धूर तिथल्या माणसांच्या छातीत जाणार. तरी तिसऱ्यांदा तपासली, ती खनिजासाठी की तुझ्यासाठी, देव जाणे. साहेब म्हणत होते, लढाईच्या दिवसांत उन्नीस-बीस चालतं. मग मीच एवढी कडक का? तुझा माल म्हणून जरा जास्तच कडक झाले का? डोक्याचा पार भुगा झालाय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

फोनवर सांगता आलं नसतं, रडले असते. आमच्या ऑफिसातला प्रथमेश उद्या तुझ्याकडे निघतोय, त्याच्या हाती हे देते. त्याच्याजवळ तुझ्यासाठी हुकूमही असेल: नवा माल मिळेपर्यंत तिथेच थांबा. तो उघडायच्या आधी हे वाच. तुझा लॉट नापास झालाय आणि खाली सही माझी आहे. तू लवकर यावास म्हणून देवाला साकडं घालणारी मीच, आणि तुझी वाट अडवणारीही मीच. वाटेल तेवढं रागाव. फक्त आईंना काय सांगायचं ते कळव. तू येणार म्हणून त्यांनी चाचपडत का होईना, कैरीचं लोणचं घातलंय, आणि बरणीला गाठही स्वतःच मारलीय.

तुझीच, आणि काही म्हणजे काही न सुचणारी,
केतकी