खालच्या नळीवरची गाठ

प्रिय भाविक,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट न उघडता बाजूला ठेवशील, हे धरूनच लिहितोय. फोन करता आला असता. पण फोनवर मी सोपं तेवढंच बोलतो, हे तुला माहीत आहे.

तुझी लाल गाडी चालू झाली. दोन माणसांची, उघड्या टपाची, चिकूच्या वाडीतून आणली तेव्हा जिच्या सीटवर कोंबड्या बसत होत्या तीच. इतकी वर्षं ती आगरला तुमच्या अंगणात, जाळी ठेवायच्या खोपीत होती. तुझ्या बाबांनी, भिकूकाकांनी, बोट विकली, पण गाडीवरची ताडपत्री दर पावसाळ्याआधी बदलली. आता ते अठ्ठ्याहत्तरचे आहेत, कान जवळजवळ गेलेत. गाडी नीट चालली की भाविक येईल, असं त्यांनी डोक्यात घेतलंय, असं वेणूकाकू म्हणाल्या. दिवाळीत काका मला म्हणाले, "जतीन, तू शिकलेला, बघ ना जरा." नाही म्हणायला तोंड नव्हतं.

तीन रविवार गेले. बॅटरी बदलली, टाकी धुतली, नवं पेट्रोल घातलं. गाडी चालू झाली, पण तीच जुनी थरथर. जागेवर उभी असली की अंग झाडायची आणि बंद पडायची. काकांनी आपल्याला बोटीवर शिकवलं होतं तसं एकेक सिलिंडर तोडून, म्हणजे बंद करून, आवाज ऐकला. इथे प्लगची वायर काढायची, एवढाच फरक. जो तोडला तरी आवाज बदलत नाही, तो झोपलेला. चारही वेळा आवाज सारखाच खाली आला. म्हणजे दोष कुणा एकाचा नव्हता, चौघांना मिळणाऱ्या हवेचा किंवा पेट्रोलचा होता. मग कार्बोरेटर उघडला, धुतला, परत बसवला. काही फरक नाही. गुडघे धरले, पाठ धरली. सोमवारी तलासरीला कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं लावताना हाताला पेट्रोलचा वास यायचा आणि वाटायचं, सोडून द्यावं.

मधेच एकदा जुनी डायरी काढली. वापीच्या त्या गॅरेजमालकाला तू स्वतः उभी केलेली गाडी दाखवायला आपण निघालो, तो दिवस. आशागडपर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. तलासरीला गचके सुरू झाले. वापीला टेम्पोमागे दोर बांधून पोचलो, आणि तो मालक कामगारांना बोलवून हसला, "आ गाडी छे के होडी?" तुझी मिळू घातलेली नोकरी तिथेच संपली. घरी येऊन अंगणात, बोंबील वाळवणाऱ्या बायकांसमोर तू काकांना म्हणालास, "बोटीचे हात माझ्या गाडीला लावायला कोणी सांगितलं होतं?" काका फडक्याला हात पुसत राहिले. चौथ्या दिवशी तू बडोद्याला गेलास. माझ्या डायरीत त्या दिवशीचं वाक्य आहे, "काकांनी सकाळी इंजिनात हात घातला होता." वाक्य खोटं नाही. त्यांनी तेल बघितलं होतं.

परवाच्या रविवारी काका स्वतः उठून गाडीपाशी आले, तोंडात बिडी. मी ओरडलो, "काका, पेट्रोलची आहे, उडून जाऊ दोघं!" म्हणाले, "बोटीला चालते," पण विझवली. एक हात मडगार्डवर सपाट ठेवला, कारण आता ते इंजिन हातानेच ऐकतात. दुसऱ्या हाताने ओलं फडकं घेतलं आणि कार्बोरेटरच्या मागे, खालच्या रबरी नळीवर दाबून धरलं. थरथर थांबली. फडकं उचललं, परत सुरू झाली. तीन रविवार मी जे शोधत होतो, त्यावर त्यांनी पहिल्याच फटक्यात हात ठेवला होता. आणि मी काय तपासलं त्याची यादी माझ्या डायरीत आहे, भाविक. त्या नळीखेरीज सगळं आहे त्यात.

नळीवर जाळ्याचा दोरा गुंडाळलेला होता, वर बोटीचं डांबर. वापीला निघालो त्या सकाळी तू आंघोळीला गेला होतास. नळीला चीर दिसली, डहाणूत तशी नळी मिळणार नव्हती, तुझा दिवस बुडू नये म्हणून मी ती बांधली. बोट गळली की आपण जे करतो तेच. बोटीखाली थंड पाणी असतं. इथे इंजिनाच्या उष्णतेने डांबर वितळेल, बाहेरची हवा आत ओढली जाईल, हे सुचलं नाही. तलासरीला पहिला गचका बसला तेव्हा मात्र सुचलं. तेव्हापासून मी गप्प आहे. विसरलो होतो असं लिहावंसं वाटतं, पण ते खरं नाही.

काकांना हळू सांगायची सोय नव्हती. कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागलं, "ती नळी मी बांधली होती!" अंगणातल्या बायकांचे हात बोंबलांवर थांबले. काका म्हणाले, "गाव गोळा करू नको. मी तेव्हाच बघितलं होतं. डावखुऱ्याची गाठ आहे, उलट्या पिळाची. तुला जाळं विणायला मीच शिकवलं ना?" मी विचारलं, मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, "तू बोलशील म्हणून थांबलो."

नवी नळी बसवली आहे. गाडी जागेवर उभी असताना बोनेटवर पाण्याचा पेला ठेवला तरी सांडत नाही. काकांना म्हटलं, चला, तलासरीपर्यंत फिरवून आणतो. ते डाव्या सीटवर बसले, मडगार्डवर हात ठेवून चारही सिलिंडर ऐकले, आणि मी दार उघडायला लागलो तर मान हलवली. म्हणाले, "तू नको. तिथे तो बसेल." रोज संध्याकाळी अर्धा तास तसेच बसतात. नळीचा जुना तुकडा गाठीसकट सोबत पाठवतोय. माझ्याशी बोलू नकोस, चालेल. पण तो राग माझ्या वाट्याचा होता, अकरा वर्षं काकांनी घेतला. तो त्यांच्याकडून काढून घ्यायला ये.

तुझाच म्हणवून घेण्याचा हक्क न मागता,
जतीन