बाराव्या बटणावरची कविता

सर,

आज शुक्रवार आहे. सुट्टीमुळे कापडाचे लूम बंद आहेत, आणि मी गॅलरीत बसून ती शांतता ऐकतोय. आता गल्लीत लूम तरी किती उरलेत म्हणा. निम्म्या शेडना कुलूप आहे आणि पोरं राहनाळच्या गोडाऊनमध्ये ड्युटीला जातात. पण तुमच्या वेळी सहा दिवस गाव असं खटखटायचं, की शुक्रवारी तो आवाज थांबला की जिना उतरताना पायरी चुकावी तसं कानांना व्हायचं. म्हणून तर तुम्ही वर्गात कविता शुक्रवारीच घ्यायचात. शाळेच्या भिंतीला लागूनच लूमची शेड होती. व्याकरण ओरडून शिकवता येतं, ते सोमवार ते गुरुवार. कविता ओरडून शिकवता येत नाही, ती शुक्रवारी, हे तुमचं वेळापत्रक. हेडमास्तरांनी त्यावर दोनदा शेरा मारला होता म्हणे. आम्ही मात्र गुरुवारपासूनच वाट बघायचो. तुम्ही फळ्याकडे पाठ करून, डोळे अर्धे मिटून चालीत म्हणायला लागायचात, आणि खिडकीतून येणारे कापसाचे तंतू उन्हात तरंगत तुमच्या कोटावर बसायचे. तुम्ही ते कधी झटकले नाहीत. ती चाल मला अजून येते, शब्द मधूनमधून गळतात.

गेल्या महिन्यात एका कॉलेजातली चार मुलं माझ्याकडे आली होती. केबलच्या धंद्यात एवढी वर्षं काढलेला, पुढे मोठ्या कंपनीत डायरेक्टर झालेला माणूस म्हणून माध्यमं, तंत्रज्ञान, नेतृत्व यावर माझं मत हवं होतं त्यांना. मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली. नेहमीच सांगतो. आणि ती मुलं गेल्यापासून मला नीट झोप नाही, म्हणून हा कागद घेऊन बसलोय.

तुम्हाला आमची पहिली खोली आठवते ना? ऐंशीच्या दशकातली, शेठच्या इमारतीतली, गच्चीच्या खालची. आधी तिथे सुताच्या कांड्या ठेवायचे. शेठ लूमवाले, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, घरात कोकणी बोलणारे, माझे भागीदार. एक व्हीसीआर, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि गच्चीवरून गच्चीवर टाकलेली वायर, एवढ्यावर आम्ही अर्ध्या गावाला सिनेमा दाखवत होतो. तुम्ही रिटायर झाल्यावर एकदा जिना चढून आलात, कॅसेटींची रास बघितलीत आणि म्हणालात, "वर्गात बाकाखाली कादंबरी धरून वाचायचास. आता सगळ्या गावालाच बाकाखाली बसवलंस की रे." शेठ इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी ओशाळून म्हटलं, सर, वायरचा काय दोष, तिच्यातून काय सोडायचं ते आपल्या हातात. तुम्ही वायरचं टोक हातात घेऊन बघत होतात. म्हणालात, पातेल्याला चव नसते हे खरं, पण रोज त्यात काय शिजतं त्यावरून घर कळतं. माध्यमांवर पुढे मी मोठमोठ्या हॉटेलांत भाषणं ऐकली, दिलीही. त्यात या वाक्याच्या पुढचं काही नव्हतं.

तेव्हाच मी तुम्हाला विचारलं, आमच्या चॅनेलवर अर्धा तास कविता वाचाल का. माझ्या तोंडाकडे कोण बघणार, म्हणालात. मी एवढंच म्हटलं, "शुक्रवारी, सर." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि चष्मा पुसायला लागलात. तेव्हा मला कळलं, रिटायर झाल्यापासून तुमचे शुक्रवार रिकामे होते.

मग दुपारी तीन वाजता, नमाज झाल्यावर, जेवणं झाल्यावर, तुम्ही यायचात. धुतलेला पांढरा सदरा, वही, खिशात लवंग. मी हॅलोजन लावायचो. त्याच्या झोतात तंतू असे फिरायचे जणू तुमच्याभोवती हळूहळू कुणीतरी कापूस पिंजतंय. त्या उजेडापलीकडचं काही दिसत नाही, असं तुम्ही पहिल्याच दिवशी कुरकुरलात. मी म्हटलं, सर, कॅमेऱ्यावरचा लाल दिवा तेवढा बघा, तो लागला की गाव ऐकतंय. गाव खरंच ऐकायचं. राहनाळचा एक रिक्षावाला सांगायचा, त्याची आई टीव्हीपुढे पाय दुमडून बसते, मास्तरांसमोर पाय पसरायचे न्हाय म्हणते. शेठच्या लूमवरच्या एका यूपीच्या कारागिराला मराठी कळत नव्हतं, तोही म्हणायचा, मास्टरजी गाते अच्छा हैं.

काही वर्षं अशी गेली. मग नव्वदच्या दशकात गच्चीवर मोठी डिश आली, आभाळाकडे धरलेल्या परातीसारखी, आणि तिच्यात रोज काहीतरी नवं पडायला लागलं. लोकांच्या जुन्या टीव्हींना बटणं बाराच. अकरा भरली. बाराव्यावर आमचं गावचं चॅनेल होतं, सणावारी मिरवणुका दाखवणारं आणि शुक्रवारी तुमचं. गाण्यांचं नवं चॅनेल आलं आणि शेजारच्या गल्लीतल्या केबलवाल्याने ते आधी लावलं, तेव्हा आमची गिऱ्हाइकं त्याची वायर घ्यायच्या गोष्टी करायला लागली. शेठ आणि मी एक अख्खी सकाळ बसलो आणि बारावं बटण गाण्यांना द्यायचं ठरवलं. दुसरा उपाय नव्हता, हे मी आजही म्हणतो. उठताना शेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मास्तरांना तू स्वतः जाऊन सांग. फोन नको, चिठ्ठी नको. दिल नको तोडू त्यांचं." मी सांगतो म्हटलं.

आणि सांगितलं नाही. शुक्रवारी तुम्ही जिना चढून आलात, लवंग तोंडात टाकलीत, वही उघडलीत. मी हॅलोजन लावला. कॅमेऱ्यावरचा लाल दिवाही लावला. कॅमेऱ्याची वायर मागे खुंटीला गुंडाळून ठेवलेली होती, बाराव्या बटणावर गावभर गाणी चालू होती, आणि तुम्ही त्या लाल दिव्याकडे बघून वाचत होतात. तुमच्या घरी टीव्ही नव्हता. काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. पुढच्या शुक्रवारी सांगू, असं मी मनाला म्हटलं. असे पाच शुक्रवार झाले. रिक्षावाला भेटला तेव्हा म्हणाला, आज पण मास्तर न्हाय? मी म्हटलं, त्यांची तब्येत ठीक नाही. तुम्ही त्या वेळी माझ्या खोलीत पाणी पीत होतात.

सहाव्या शुक्रवारी तुम्ही निरोप पाठवलात, घसा बसलाय, आता येणं जमणार नाही. त्याच पावसाळ्याअखेर तुम्ही गेलात. मी भेटायला आलो तेव्हा काकूंनी चहा दिला आणि अगदी सहज सांगितलं, की पहिल्याच शुक्रवारी संध्याकाळी शेजाऱ्यांनी तुम्हाला विचारलं होतं, आज दिसला कसे नाहीत. काकू परत आल्यावर त्यांनी तुम्हाला म्हटलं, ठाऊक होतं तर कशाला जात होतात उन्हाचे? त्यावर तुमचं उत्तर त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. "वर्गात चाळीस पोरं असायची, ऐकणारं एकच असायचं. तो कॅमेऱ्यामागे उभा असतो ना, मग पुरे."

हे मी सगळ्यांना सांगतो, सर. डायरेक्टर झालो तेव्हा मी कंपनीत एक नियम केला. कुणाचं चॅनेल बंद करायचं असेल, कुणाला कामावरून कमी करायचं असेल, तर जो सर्वांत वरचा आहे त्याने स्वतः त्याच्यासमोर जाऊन बसायचं आणि तोंडाने सांगायचं. तंत्रज्ञान दर दोन वर्षांनी बदलतं, माणसाला दिवा दाखवून फसवायची खोड बदलत नाही. नेतृत्व म्हणजे काय असं कुणी विचारलं की मी खुंटीला गुंडाळलेली ती वायर सांगतो, माझी चूक कबूल करतो, आणि शेवटी काकूंनी सांगितलेलं तुमचं वाक्य. मग टाळ्या. त्या चार मुलांतली एक मुलगी तर रडली. जाताना म्हणाली, "सर, निदान तुम्ही तरी ऐकत होतात."

पाचव्या शुक्रवारचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी वारा सुटला होता. तुम्ही वाचायला सुरुवात केलीत आणि खालून शेठच्या घरातून हाक आली, चित्रात मुंग्या येतायत. डिश हलली होती. पाच मिनिटांत येतो असं मनात म्हणत, आवाज न करता मी गच्चीवर गेलो. दिवा चालू ठेवला. हॅलोजनच्या झोतात तुम्हाला काय दिसणार. डिश लगेच बसली. पण वर काय सुंदर दुपार होती, सर. एकही लूम चालू नाही, अंजूरच्या बाजूला खाडी कथलासारखी चकाकतेय, शेतांवरून ढगाची सावली सरकत सरकत येतेय. मी कठड्याला टेकलो आणि तुमचीच एक शाळेतली चाल गुणगुणत बसलो. अर्धा तास कुठे गेला कळलं नाही. उतरलो तेव्हा तुम्ही दारात चष्मा पुसत उभे होतात, आणि तुमचा चेहरा, कसं सांगू, परीक्षेचा निकाल लागायच्या दिवशी पोरांचा असतो तसा.

"आज माझी स्वतःची वाचली," म्हणालात. "आजवर कुणाला दाखवली नव्हती. कशी वाटली?"

"छान, सर."

"शेवटचं कडवं लांबलं का थोडं?"

"नाही, सर. बरोबर होतं."

तुम्ही मान डोलावलीत, कागदाची घडी सदऱ्याच्या खिशात ठेवलीत आणि जिना उतरलात. मी नंतर काकूंना त्या कवितेबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, ते आणि कविता लिहायचे? नाही हो. वह्याही चाळल्या आम्ही दोघांनी. काही नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, टेबलाच्या खणात राहील. तीन वाजत आलेत. मी ती मुलगी काय म्हणाली ते आठवतोय. तिला मी म्हटलं, हो बेटा, निदान मी तरी होतो.