आरोहीची लस: तूर्तास स्थगित

२७ मार्च, शनिवार
आरोहीला नऊ महिने पूर्ण झाले. गोवरची लस बुधवारी, अंगणवाडीत. रुचिताने परस्पर ठरवूनही टाकलं. घरात सेफ्टी सुपरवायझर बसलाय. कंपनीत अख्खा प्लांट माझ्या शब्दावर हेल्मेट घालतो आणि इथे बायको आशाताईला थेट हो म्हणते. आधी अभ्यास करणार.

३० मार्च, मंगळवार
अभ्यास पूर्ण. दोन व्हिडिओ, एक अर्धवट (नेट गेलं). निष्कर्ष: गोवर हल्ली दिसतो कुठे? कोरोना शिळफाट्याच्या नाक्यावर रोज दिसतो. शिवाय लसीने ताप येतो. ताप आला की स्वॅब. स्वॅब म्हटला की बिल्डिंग सील, गेटला बांबू. म्हणजे एका सुईपायी अख्खी बिल्डिंग आत. तेव्हा लस रद्द नाही, स्थगित. रुचिता म्हणाली, दोन्हींत बाळाच्या दृष्टीने फरक काय? कंपनीत असले प्रश्न कोणी विचारत नाही.

३१ मार्च, बुधवार
सकाळी आशाताई वनिता दारात. म्हणाली, दादा, गर्दी नाय, एकेकालाच आत घेतो, बाळाला आना. मी खिडकीतूनच बोललो. विचारलं, सकाळपासून किती घरं फिरलात? म्हणाली, तुमच्यासारखी खिडकीवाली लय हायत. याला उत्तर म्हणत नाहीत. लस टळली. होता होता टळलेल्या अपघाताला कंपनीत 'नियर मिस' म्हणतात. तशी मनात नोंद केली. समाधान वाटलं.

७ एप्रिल, बुधवार
पुन्हा बुधवार, पुन्हा स्थगिती. आता आईही रुचिताच्या पार्टीत. म्हणाली, हर्षद, तुला मी कडंवर घेऊन लशीला खोपोलीला नेत होते रं, तवा तुझ्या बापाला इचारलं पन नाय. मी शांतपणे सांगितलं, तेव्हा रिस्क असेसमेंट नव्हतं. आई म्हणाली, तुझा बाप पन नव्हता घरी, म्हनून तर झालं.
नवा नियम: कामाशिवाय कोणी घराबाहेर पडायचं नाही.
संध्याकाळी शिळफाट्यावर जाऊन परिस्थितीची पाहणी केली. पाहणी करताना दोन वडापाव खाल्ले. उकळत्या तेलात विषाणू टिकत नाही.

१८ एप्रिल, रविवार
लोधिवलीच्या मामांच्या मुलीचं, अपेक्षाचं लग्न पुढच्या रविवारी. परवानगी फक्त पंचवीस माणसांची. पण ती लग्नाला. शनिवारच्या हळदीबद्दल कागदावर एक अक्षर नाही. आणि आपल्याकडे माणूस लग्नाला नाही गेला तर चालतं, हळदीला नाही गेला तर सात पिढ्या ऐकवतात. रुचिताने विचारलं, अंगणवाडीतली चार बाळं म्हणजे गर्दी, मग हळद काय? मी समजावून सांगितलं. हळद जंतुनाशक असते. सगळे एकमेकांना तीच फासणार. म्हणजे हे एक प्रकारचं सामूहिक सॅनिटायझेशनच. रुचिता उठून कुकर लावायला गेली. पटलं असावं.

२५ एप्रिल, रविवार
हळद उत्तम झाली. बिल्डिंगमधले आम्ही सहा जण एकाच गाडीने गेलो, म्हणजे वेगवेगळ्या गाड्यांतला संसर्ग टळला. मास्क शेवटपर्यंत लावून होतो. हळद लागल्यावर श्वास घेता येईना, म्हणून हनुवटीवर घेतला. बेंजो होता, पण हळू आवाजात, म्हणजे नियम पाळले गेले. आरोहीला घरीच ठेवलं. कठोर निर्णय, पण बापाला घ्यावे लागतात.

२८ एप्रिल, बुधवार
तळमजल्यावरच्या जितेशच्या मुलाला ताप, अंगावर पुरळ. मी म्हटलं, उन्हाळा बाधला. डॉक्टर म्हणाले, गोवर. परवापर्यंत आरोही त्यांच्याच चटईवर त्याच्याबरोबर खेळत होती. रुचिता माझ्याशी भांडली नाही. नुसतं बघितलं. भांडली असती तर बरं झालं असतं.
स्थगिती उठवली. येत्या बुधवारी मी स्वतः नेणार. फेस शील्ड, हातमोजे, जाण्याचा मार्ग, सगळं तयार.

३० एप्रिल, शुक्रवार
घसा जरा धरलाय. सरबत बाधलं. आंब्याला वास नाही, आंबेवाल्याने फसवलं. रुचिताने फिनेलची बाटली नाकाखाली धरली. त्यालाही वास नाही. आपण ब्रँड बदलायला हवा.

१ मे, शनिवार
पॉझिटिव्ह. गाडीतले सहाही. दुपारी गेटला बांबू लागले. मी सुरुवातीपासून ज्या बांबूंची भीती सांगत होतो, तेच. कुणाला तरी हे दाखवून द्यायचं होतं, पण कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. मला कोविड सेंटरला आणलं. आई, रुचिता, आरोही निगेटिव्ह.

५ मे, बुधवार
लसीचा दिवस. वनिता बांबूपर्यंत आली होती म्हणे. वरिष्ठांना विचारून पाहिलं तिने. उत्तर आलं, सील उघडल्यावर या. मी इथून सगळ्यांना फोन केले. अंगणवाडी, नगरपालिका, ओळखीचा एक कार्यकर्ता. सगळे एकच म्हणाले, दादा, सेफ्टी महत्त्वाची.

११ मे, मंगळवार
रुचिताने व्हिडिओ कॉल लावला. आरोहीचे डोळे लाल, कानांमागे पुरळ. नेटमुळे रंग तसा दिसतोय का, असं मी विचारलं. रुचिताने फोन ठेवला.

१३ मे, गुरुवार
आरोहीचा श्वास जोरात चालत होता म्हणून तिला पहाटेच पनवेलला ॲडमिट केलं. अँब्युलन्ससाठी बांबू वनिताने उभं राहून काढायला लावले. डॉक्टरांनी विचारलं, नवव्या महिन्याची लस? रुचिता काय म्हणाली ते तिने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
इथे बोटाला मशीन लावतात. माझा ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. मी त्याचं काय करू? फार भीती वाटतेय. एवढी भीती मला कोरोनाची एक दिवसही वाटली नव्हती.

१६ मे, रविवार
आरोहीचा ताप उतरला. चमचाभर खिमट खाल्लं. बाथरूममध्ये जाऊन रडलो. शेजारच्या खाटेवरच्याने डोळ्यांबद्दल विचारलं, तर वाफ घेतली म्हणालो.

१६ जून, बुधवार
आरोही ठणठणीत. अजून माझ्याकडे येत नाही, मास्क काढला तरी. गोवर होऊन गेला तरी लस द्यायचीच, असं डॉक्टर म्हणालेत. सकाळी लवकर उठलो. फेस शील्ड पुसली, हातमोजे घातले, आरोहीची पिशवी भरली आणि दारात तयार उभा राहिलो.
रुचिताने पिशवी माझ्या हातातून घेतली. आईने आरोहीला कडेवर घेतलं. रुचिता म्हणाली, तुम्ही घरीच थांबा. बाहेर कोरोना आहे.
अंगणवाडी आमच्या खिडकीतून दिसते. चार बायका, चार बाळं. एकेकालाच आत घेत होते. आरोहीचा रडण्याचा आवाज इथपर्यंत आला, आणि थांबला. बहुधा आईने अंगणवाडीपुढचं चाफ्याचं झाड दाखवलं असेल.
त्या यायच्या आत दाराची कडी सॅनिटाइझ करून ठेवली. दोनदा.