करंजाखालची जागा

कल्याण, १९५०

चि. आवडीस,

लढाईच्या आधी तू बाळंतपणाला माहेरी आलीस आणि तुझी लेक गेली. तिला आपण शेताच्या बांधावर, करंजाखाली पुरलं. पुढे सरकारनं ते शेत विमानं उतरवायला घेतलं. 'जमीन परत मिळाली की तुला तिथं नेईन,' असं मी सांगत आलो.

काल पहारेकऱ्याला विचारून आत गेलो. बांध राहिलेला नाही. विमानांच्या आड येतो म्हणून करंजही तोडलाय. सगळीकडे नुसतं डांबर. जागेचा अंदाज घेत होतो, तेवढ्यात एक विमान डोक्यावरून असं गरजत गेलं की मी कान झाकून खालीच बसलो.

पहारेकरी धावत आला. "काय शोधताय, काका?"

"भाची," माझ्या तोंडून गेलं.

"केवढी आहे?" तो इकडेतिकडे बघत म्हणाला.



आवडे, तुला वाचता येत नाही. हे पत्र तुझा दीर घरात सगळ्यांसमोर वाचून दाखवील, म्हणून टाकत नाही. उद्या मीच कोलशेतला येतो आणि तुझ्याजवळ बसून सांगतो.

तुझा दादा,
गोमाजी