दगडावरचं नाव

रेड रिव्हरचं खोरं, मिनेसोटा
२० ऑक्टोबर १८८९

हौगेरूडचे मालक हाल्व्होर यांस, थोरली बहीण गुरो हिचा नमस्कार.

देवाच्या कृपेने इथे सगळे धडधाकट आहोत, तुम्हीही तसेच असाल. गहू चांगला झाला. थंडी लवकर पडली, पण तोवर बटाटे काढून झाले होते. तुझं पत्र पोचलं. तीस वर्षांतलं पहिलं. मी घरातून निघाले तेव्हा तू एक ओळ लिहिली नाहीस, आई गेली तेही मला दुसऱ्याकडून कळलं, आणि आता चांगली चार पानं, तीही घोटून काढलेल्या अक्षरात. विषय काय, तर माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या थडग्यावर कोणतं नाव असावं.

इथलं सरकार जुन्या शिपायांच्या थडग्यांसाठी दगड पाठवतं. तोल्लेफचाही येतो आहे, हे आमच्या पाद्र्याने तिकडच्या पाद्र्याला लिहिलं आणि त्याने धावत येऊन तुला सांगितलं. दोघांनाही दुसरा उद्योग नाही. तुझं म्हणणं असं, की माळावरच्या झोपडीत जन्मलेल्या कुळाच्या पोराने आपल्या शेताचं 'हौगेरूड' हे नाव लावणं ही चोरी आहे, निदान मेल्यावर तरी ती परत करावी. माणूस ज्या जमिनीवर राहतो तिचं नाव लावतो, ही आपली रीत तू मला समजावून सांगतोस. मला. मी त्याच घरात जन्मले रे.

तुझ्या थोरल्या मुलाचं, एव्हिंडचंही विचारलं आहेस शेवटी, चौथ्या पानाच्या तळाशी, जागा उरली म्हणून. अमेरिका केवढी मोठी आहे याची तुला कल्पना नाही. इथे माणसं हरवतात.

आधी चोरीचं बघू. इथल्या यादवी युद्धात तोल्लेफ सैन्यात गेला तेव्हा आम्ही विस्कॉन्सिनमध्ये दुसऱ्याच्या शेतावर राबत होतो. तंबूत कारकुनाने आडनाव विचारलं आणि त्याने हौगेरूड सांगितलं. मला हे तो परतल्यावर कळलं. मी चिडले. म्हटलं, त्या घराने तुला दाराबाहेर उभं केलं आणि तू त्यांचंच नाव मिरवतोस? तो शांतपणे म्हणाला, "सात वर्षांचा असल्यापासून त्या शेतातले दगड मी उचललेत. तुझ्या भावाने एक उचलला असेल तर सांग, त्याला त्याचं नाव परत करतो."

मी पुष्कळ आठवून पाहिलं. तुझ्या हातात दगड काही दिसेना. चांदीच्या बटणांचं जाकीट घालून तू बांधावर उभा असायचास आणि कुळाची पोरं वाकलेली असायची, एवढंच आठवलं.

तू त्याला भाडोत्री शिपाई म्हटलं आहेस. तीन वर्षं तो दक्षिणेत चिखलातून चालला, उजवा कान तोफेला देऊन आला, आणि नंतर लढाईच्या म्हणून फक्त खेचरांच्या गोष्टी सांगायचा. कोणतं खेचर लाथ मारायचं, कोणतं नदीत बसायचं. गावातले बाकीचे शिपाई वर्षातून एकदा निळे कोट झटकून मिरवणूक काढतात. तोल्लेफ त्याच्या कोटात धारा काढायचा. कोपरं फाटली तेव्हा मी ठिगळं लावली, ती फाटल्यावर कोट कुत्र्याच्या अंथरुणात गेला. मोठेपणा सांभाळायला त्याला कपडा लागत नव्हता. तुला लागायचा.

मग या खोऱ्यात जमीन मिळाली. पहिले दोन हिवाळे आम्ही मातीच्या ढेकळांच्या घरात काढले. दोन मुलं याच मातीत ठेवली. टोळ आले, सगळं पीक खाऊन गेले, फावड्याचा दांडाही कुरतडला. त्या सगळ्यातून तो गेला, पण पहिल्या नांगरटीच्या दिवशी जसा हसला तसा पुन्हा कधी हसला नाही. या खोऱ्यात दगडच नाहीत, हाल्व्होर. दिवसभर नांगर चालला आणि एकदाही अडला नाही. संध्याकाळी तो रिकामे हात दाखवत घरात आला. आता सरकारचा दगड रेल्वेने येईल, तो या शेतावरचा पहिलाच.

बरं, एव्हिंड. किती वेळ टाळणार.

तो हरवलेला नाही. तीन वर्षांपूर्वी आला. शिकागोत काम मिळेना, खिसा रिकामा. या खोऱ्यात कुणी तरी हौगेरूड लावतो, ही तुमच्या जेवणाच्या टेबलावरची थट्टा त्याला आठवली आणि तो शोधत आला. तू शिव्या घातलेल्या त्या चोरीचा उपयोग झाला तो असा. मी मात्र त्याला पाहिलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुझीच हनुवटी, तुझंच उभं राहणं. जेवायची वेळ झाली तशी मी तोल्लेफला म्हटलं, "याला खाली दाराशी बसव. याच्या घरी कुळं जिथे बसतात तिथे." तोल्लेफने दुसरं स्टूल स्वतःशेजारी ओढलं आणि म्हणाला, "दाराशी वारा लागतो, गुरो."

एवढंच. मुलाचे हात पहिल्या महिन्यात सोलून निघाले. आता तो सरळ रेषेत नांगरतो, म्हणजे तुझ्या घराण्यातला पहिलाच.

तुझ्या पत्रात 'ती झोपडीतली फूस लावणारी पोर' म्हणून जिचा उल्लेख आहे, ती सुनीवा, तोल्लेफची पुतणी, जिच्यापायी एव्हिंडने तुझं घर सोडलं. तिला तिकीट आम्ही पाठवलं. गेल्या वर्षी दोघांचं लग्न झालं. तोल्लेफ मार्चमध्ये छातीच्या दुखण्याने गेला, जमीन गोठलेली होती म्हणून त्याला पुरायला एप्रिल उजाडला, आणि खड्डा एव्हिंडने खणला. तो इथे आहे हे तुला कळवू नये असं एव्हिंडचंच म्हणणं होतं. मलाही ते सोयीचं होतं. तू त्याला बोलावशील आणि थोरला मुलगा म्हणून तिकडचं घर, तिकडचं रान त्याच्या हातात ठेवशील, याची मला धास्ती होती. तेच तू आता केलंस. तो भेटला तर सांग म्हणतोस, परत ये, मालक हो, पण एकटा ये. मी म्हातारी झाले, हाल्व्होर. तो गेला असता तर हे शेत मी कुणाच्या हाती दिलं असतं? तरी पत्र मी त्याला दिलं. चुलीत टाकलं नाही, हे माझ्याकडून फार झालं.

आता नीट वाच. सप्टेंबरात त्यांना मुलगा झाला. पहिला मुलगा, तेव्हा रीतीप्रमाणे बापाच्या बापाचं नाव. एव्हिंडने तेच ठरवलं होतं. तीन आठवडे या घरात बाळाला 'छोटा हाल्व्होर' म्हणत होते आणि मी दात आवळून पाळणा हलवत होते. सुनीवासुद्धा त्याच नावाने त्याला जोजवत होती. तुझ्यावर रागावूनही तुझा मान तो राखत होता, कारण त्याला तोल्लेफने घडवलं, तू नाही.

शुक्रवारी तुझं पत्र आलं. त्याने चुलीपाशी उभं राहून ते वाचलं, थडग्याचं पान दोनदा वाचलं, घडी घालून माझ्या हातात दिलं आणि गाई बघायला गेला. रविवारी बारसं. बाळ माझ्या हातात होतं. पाद्र्याने नाव विचारलं. मी मनाची तयारी करून उभी होते. एव्हिंड म्हणाला, "तोल्लेफ."

पाद्री थांबला. रीत त्यालाही ठाऊक आहे. त्याने पुन्हा विचारलं. एव्हिंडने पुन्हा तेच सांगितलं, या वेळी मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.

तेव्हा चार पानं लिहून तू एवढं मिळवलंस. एक पान कमी लिहिलं असतंस तर इथे तुझ्या नावाचा नातू असता. एव्हिंड येणार नाही, हे त्यानेच सांगायला सांगितलं आहे. तिकडचं शेत धाकट्याला दे, आणि त्याला निदान एक दगड उचलायला लाव.

थडग्यावर तोल्लेफ हौगेरूड असंच येईल. ते खटकत असेल तर छिन्नी घेऊन ये, दाराशी बसवणार नाही. मात्र पाळण्यातही तोल्लेफ हौगेरूड झोपला आहे, आणि तिथे तुझी छिन्नी चालणार नाही.

त्याची हनुवटी तुझ्यावर गेली आहे. त्याला आमचा इलाज नाही.

बापाकडून एकदा आणि नवऱ्याकडून एकदा हौगेरूड झालेली, त्यातलं दुसरं मानणारी,
तुझी बहीण
गुरो