दारातले रानसफरचंद आणि लाईलची बाग

मी आर्डिस टोलेफसन, वय एक्याऐंशी, राहणार नॉर्डल, विस्कॉन्सिन, या मृत्युपत्रात लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणीही भरीस घातलेले नाही. भीती मात्र वाटते आहे, तीही नमूद असावी.

१. घर व त्याखालची जमीन मुलगा कर्टिस यास. विकले तरी हरकत नाही. नाहीतरी तो नाताळखेरीज फिरकत नाही.

२. बँकेतली शिल्लक मुलगी जनेल हिला.

३. नणंद व्हर्ना हिला केक भाजायची काचेची थाळी. तिने तडा पाडून गुपचूप परत केली, तीच.

४. दारातले शोभेचे रानसफरचंद. हे माझ्या नवऱ्याने, ऑर्व्हिलने, लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी लावले. मे महिन्यात ते असे गुलाबी होते की रस्त्यावरच्या गाड्या थांबतात. गेल्या जूनमध्ये त्याचे शेंडे काळे पडून काठीच्या मुठीसारखे वाकले. करपा आहे हे मला कळत होते. पण चर्चच्या बायका यायच्या होत्या, म्हणून भर पावसाळी हवेत छाटणी केली. दर कापाला करवत स्पिरिटने पुसायची असते, तीही पुसली नाही. रोग झाडभर गेला. छाटलेले शेंडे मी शेगडीत जाळले आणि गप्प बसले.

ऑगस्टपर्यंत शेजारच्या लाईल क्वामेच्या बागेतली सफरचंदाची बारा झाडे वाळली. कुंपणावरून त्याने विचारले, "काय गं आर्डिस, तुझं झाड बरं आहे ना?"

"ठणठणीत! तुझ्यासारखं कुरकुरत नाही."

"मग ही पीडा माझ्या नव्या रोपांतूनच आली म्हणायची."

त्याने तीनशे रोपे उपटून जाळली. ती निरोगी होती. मी खिडकीतून धूर पाहत होते.

आता खोडावरच्या जखमांतून चिकट थेंब गळू लागले आहेत. पंधरा दिवसांत फुले येतील आणि मधमाश्या हा रोग घेऊन इथून थेट लाईलच्या बागेत जातील. माझ्यामागे झाड तोडावे, असे मी आधी लिहिले होते. पण मी काही पंधरा दिवसांत मरत नाही. म्हणून हे कलम आजच लागू आहे.

साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते म्हणतात. लाईल, तू मात्र चौथे कलम वाचूनच सही कर. मी समोर बसले आहे. तुझ्या तोंडाकडे बघायची मला हिंमत नाही.

नॉर्डल, २४ एप्रिल २०१९
सही: आर्डिस टोलेफसन

साक्षीदार: ग्रेटा ऑनस्टाड, टपाल कचेरी

साक्षीदार: लाईल क्वामे. वाचलं. ही सही तू शुद्धीवर आहेस एवढ्यापुरतीच. झाड आत्ता तोडतो. तू बाहेर येऊ नकोस.