चिंचेची फळी आणि डबल बॉइल्ड तेल

४ सप्टेंबर १९६६, अंबत्तूर, मद्रास
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. मी चौथी पास. पाचवीत मास्तरांशी मतभेद झाले म्हणून शाळा सोडली. नुकसान शाळेचं. सध्या गुरुमूर्तींच्या लाकूडसामानाच्या कारखान्यात पॅकिंगच्या खोक्यांना खिळे मारतो. तात्पुरतं. दोन वर्षं झाली तात्पुरतं मारतोय.

६ सप्टेंबर
संधी आली. टी. नगरच्या एका हॉटेलाला भाजी कापायच्या लाकडी फळ्या हव्यात. तिथले कुक विळीवर बसत नाहीत, साहेबासारखे उभ्याने कापतात. आमचं पहिलं सॅम्पल परत आलं, कारण व्हार्निशचे पापुद्रे कांद्यात निघाले. मॅनेजर म्हणाला, पोटात गेलं तरी चालेल असं काहीतरी फळीला लावा. गुरुमूर्तींनी विचारलं, कुणाला कळतं यातलं? मी हात वर केला. कळतं का हा प्रश्न नंतरचा.
सॅम्पल पास झालं तर पॉलिश सेक्शन माझ्याकडे. नाही झालं तर माझं कारखान्यात काम नाही. गेटवर रोज नोकरी मागणाऱ्यांची गर्दी असते, त्यातला एखादा घेऊ, असं ते म्हणाले. गंमत करतात.

७ सप्टेंबर, रात्री
खोबरेल. सगळं मद्रास डोक्याला लावतं, फळीला का नको? चिंचेच्या लाकडाची फळी तयार करून सरोजाअक्कांकडे ट्रायलला दिली. अक्कांची मेस आहे, मी तिथेच जेवतो. त्या तंजावरच्या मराठी. त्यांचं मराठी फार जुनं, मी सुधारून देतो. अजून सुधारलेलं नाही.
रात्री पंगतीत सगळ्यांना सांगून टाकलं की मी पॉलिश इन्चार्ज झालो. होणारच आहे. आधी सांगितलं तर काय बिघडलं? गावी दादालाही पत्राने तसंच कळवलं.

१३ सप्टेंबर
फळीला खवट वास. अक्कांचं स्वयंपाकघर फार गरम आहे, दोष त्याचा.

१४ सप्टेंबर
दर ट्रायलला नवी फळी. हिला एरंडेल लावलं. चकाकी फर्स्ट क्लास.

१६ सप्टेंबर
चकाकी अजून ओलीच. कोबी फळी सोडत नाही. पंगतीतले वसंतराव, रेल्वेत क्लार्क, आज ऑफिसला गेले नाहीत. दिवसभर मागच्या दारी ये-जा चालू. एरंडेलाशी संबंध सिद्ध झालेला नाही.

१९ सप्टेंबर
मेणबत्त्या वितळवून ओतल्या. फळी बर्फासारखी झाली. कारलं निसटलं, त्यामागे सुरी, सुरी अक्कांच्या अंगठ्याजवळ. अक्का चार शब्द तमिळमध्ये बोलल्या. मला समजले नाहीत असं मी ठरवलं.

२२ सप्टेंबर
मधमाशीचं मेण थोड्या तिळाच्या तेलात वितळवून चोळलं. वास नाही, चिकटत नाही, पाणी मुरत नाही. अक्का म्हणाल्या, बरी आहे, हीच दे. पण चमकत नाही. इन्चार्ज माणसाचं काम लांबून दिसलं पाहिजे. बाद.

२६ सप्टेंबर
सापडलं!
हार्डवेअरच्या दुकानात डबे पाहिले. दारं-खिडक्या चमकवायचं तेल. सोबत वसंतराव होते, त्यांना डब्यावरचं नाव विचारलं. ते म्हणाले, लिनसीड म्हणजे आपलं जवस. मी रस्त्यातच हसलो. जवसाची चटणी खाऊन मी वाढलो. आई भाकरीवर गोळाच ठेवायची. इथल्या लोकांना जवस खातात हेच माहीत नाही, म्हणून बिचारे दाराला लावतात.
डबे दोन जातींचे. एक कच्चं, एक डबल बॉइल्ड. आमच्याकडे दूध नासू नये म्हणून आई दोनदा उकळायची. डबल घेतलं. दुकानदार म्हणाला, हे रंगकामाचं, लवकर वाळावं म्हणून यात औषध घातलंय. औषध असेल तर आणखी उत्तम.

२९ सप्टेंबर
आरसा! फळीत मी माझा भांग पाहिला.
रात्री सांबाराला नव्या घराचा वास. वसंतराव म्हणाले, आज जेवायला वाढलंय की गृहप्रवेशाला बोलावलंय? अक्कांनी आख्खं पातेलं मोरीत ओतलं. सगळे ताकभात खाऊन उठले. मग अक्का माझ्याजवळ आल्या. ओरडल्या नाहीत.
"मालोजी, हें खायाचें तेल नोहे पा. हॉटेलांत देऊं नको. तेथें लेंकरें जेवतात."
हळव्या आहेत. आणि जवस काय ते त्यांना कोण सांगणार? मेणाची फळी अजून आहे, तीच दे म्हणाल्या. त्यांना पॉलिशमधलं कळत नाही.

३ ऑक्टोबर
गुरुमूर्ती फळी घेऊन स्वतः टी. नगरला गेले. मॅनेजरने तिच्यावर एक कांदा चिरला आणि म्हणाला, पहिला घास तुमचा. गुरुमूर्तींनी खाल्ला नाही. ऑर्डर दुसरीकडे गेली.
मला वाटलं रागावतील. पण फळीवरून हात फिरवून म्हणाले, ही मला उपयोगाची आहे. ठेवून घेतली. म्हणजे काम आवडलं. मेसमध्ये सांगितलं, हॉटेलवाला अडाणी निघाला, पण मालक खूश. नवा पांढरा शर्ट शिवायला टाकला.

८ ऑक्टोबर, संध्याकाळी
गुरुमूर्तींनी माझ्या फळीवर पेंटरकडून अक्षरं काढून आणली. पांढरी, ठसठशीत, वर इंग्रजी, खाली तमिळ. मला दोन्ही वाचता येत नाहीत, पण सेक्शनचं नाव असणार. गुरुमूर्ती म्हणाले, गेटवर ठोक. ठोकली. खिळे मारण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मग त्यांनी आजपर्यंतचा पगार हातात दिला, खांद्यावर थोपटलं आणि गेट आतून लावून घेतलं.
बाहेर नोकरी मागायला आलेले उभे होते. फळी वाचून एकेक परत निघाला. एकाला विचारलं, काय लिहिलंय? तो म्हणाला, "वेलै कालि इल्लै." एवढं तमिळ मला येतं. काम रिकामं नाही.

९ ऑक्टोबर, सकाळी
रात्रभर पाऊस. नवा शर्ट घालून कारखान्यावर गेलो. वॉचमनला म्हणालो, मालकांना सांग, खिळे मारायलाही चालेल. त्याने फळीकडे बोट केलं.
जवळ जाऊन पाहिलं. एक अक्षर पुसलेलं नाही. थेंब आरशावरून ओघळावा तसा ओघळत होता.